मुळाशी सोडलेली दोन बोटं

१

नेमसिंगनं परातीवरचं फडकं ओढलं, आणि दारात गर्दी करून उभी असलेली माणसं एक पाऊल मागं सरकली.

परातीत केस होते. लांबसडक, काळेभोर, एकमेकांत गुंतून वाळलेले. त्यांना अजून हळदीचा वास येत होता.

"बघा मॅडम," नेमसिंग म्हणाला. "माझ्या भाचीचे, मिनाचे. लग्नाच्या दिवशी सकाळी न्हाऊ घालताना डोक्यावर पाणी पडलं अन् हे पाण्यासंगं खाली आले. आता लिहा तुमच्या कागदावर, हिच्या क्रीमनं झालं म्हणून."

'हिच्या' म्हणजे पल्लवीच्या. वारंगा फाट्यावर, पंक्चरच्या टपरीला लागून असलेलं एका खोलीचं पार्लर तिचं. ती आरशाला पाठ लावून उभी होती. तिच्या बाजूला गाळ्याचा मालक भागवत किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होता. मॅडमनी क्रीममध्ये दोष काढला तर आजच गाळा रिकामा करायचा, असं त्यानं पल्लवीला सकाळीच सांगितलं होतं.

औषध निरीक्षक संगितानं कपाळावरचा घाम पुसला. औषधांबरोबर तेलं, शाम्पू आणि क्रीमही तिच्याच खात्यात येतात, हे लोकांना अशा वेळीच आठवतं. दोन रिकाम्या जागांचा भार तिच्या डोक्यावर होता. एस.टी.नं येताना बसायला जागा मिळाली नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. नमुना घ्यायचा, सही-शिक्का करायचा आणि परतीची गाडी धरायची, एवढंच तिच्या मनात होतं. नमुन्याचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर या गाळ्यात मोबाईलचं दुकान थाटलेलं असेल, हेही तिला ठाऊक होतं.

"काय लावलं होतं?" तिनं पल्लवीला विचारलं.

"केराटीनचं, मॅडम. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. पोरीचे केस कुरळे, तिला सरळ पाहिजे होते. हा बघा डबा." पल्लवीचा आवाज कोरडा होता. "क्रीम लावून, वाळवून, इस्त्री मारली. मुळापाशी दोन बोटं जागा सोडूनच लावते मी. टाळूला लागलं की आग होती. मिनाचा परत फोन आला होता, ताई, मुळापर्यंत सरळ करून द्या, फोटोत वरून फुगलेले दिसतेत. मी न्हाई म्हणलं."

"न्हाई म्हणली, तरी नाव तिचंच आलं," दाराशी स्टुलावर बसलेली पल्लवीची आई, पद्माबाई, फणकारली. "चूक कुनाची बी असू द्या, पैलं नाव आमचंच येतंय."

"मावशी, तुमी मधी बोलू नका," नेमसिंग म्हणाला.

"काहून? माझ्याच पोरीच्या दुकानात बसून राहिले ना मी?"

संगितानं पिशवीतून हातभिंग काढलं. लेबलावरची बारीक अक्षरं वाचायला ती ते जवळ ठेवायची. परातीतला एक केस उचलून तिनं दारातल्या उजेडात धरला. मग दुसरा. मग चिमूटभर.

मुळासकट सुटलेल्या केसाच्या टोकाला पांढुरकी, बारीक गाठ असते. आजारानं केस गळो की धसक्यानं, कंगव्यात येतो तो ती गाठ घेऊन. इथं एकाही केसाला गाठ नव्हती. टोकं चपटी होऊन वळली होती, आच लागलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासारखी.

"हे केस गळलेले नाहीत," ती म्हणाली. "तुटलेत."

"गळले काय अन् तुटले काय! गेले ना?"

"फरक आहे, दादा. त्वचेच्या बाहेर असतो तो केस मेलेलाच असतो. जिवंत असतं ते आतलं मूळ. हे केस बाहेरच्या बाहेर विरघळलेत." तिनं भिंग पुसून पिशवीत टाकलं. परतीची गाडी डोळ्यांपुढून निघून गेली. "कुठून तुटलेत ते डोकं बघितल्याशिवाय कळायचं नाही. मुलगी कुठं आहे?"

नेमसिंगनं फडकं परातीवर घाईघाईनं टाकलं. "पोरीला कशाला बघायचं?" तो म्हणाला. "क्रीम इथंच हाय की."

इतका वेळ ओरडणारा माणूस एकाएकी खाली बघायला लागला होता.

२

मिनाचा बंजारा तांडा फाट्यापासून फार लांब नव्हता. रिक्षा चढाला धापा टाकत होती आणि उन्हानं समोरचा डांबरी रस्ता पाण्यासारखा हलत होता. मिनाच्या घरापुढचा मांडव अजून उतरवलेला नव्हता. आंब्याची पानं सुकून कुरकुरीत झाली होती.

मिनाची आई रूपाबाई चुलीपुढून उठून आली. तिनं हात जोडले. मिनाच्या भावाची बायको, दिपा, पाणी घेऊन आली आणि लगेच आत गेली.

"पोरीला काही रोग न्हाई," नेमसिंगनं आल्याआल्याच सांगून टाकलं. "पाहुण्यांनी तेच विचारलं, नवरीला काही रोग तर न्हाई ना? नवरदेव मांडवातून तसाच माघारी नेला त्यांनी. मी सांगितलं, पार्लरवालीचा दोष हाय. म्हणले, तसा सरकारी कागद आणा, मग बघू."

आता संगिताला त्याच्या घाईचा अर्थ लागला. पार्लरमध्ये दोष निघाला की मुलीत दोष उरत नव्हता. या घराला खरं काय ते नको होतं, कागद हवा होता.

आतल्या खोलीत मिना भिंतीकडं तोंड करून बसली होती. संगिता तिच्याजवळ टेकली आणि काहीच बोलली नाही. थकलेल्या माणसाला गप्प बसायला फार कष्ट पडत नाहीत. थोड्या वेळानं मिनानंच ओढणी मागं घेतली.

भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि टाळूवर केसांचे खुंट उरले होते, बोटाच्या एका पेराएवढे. भांगाच्या रेषेवर खपल्या धरल्या होत्या. कानांमागं आणि मानेवर मात्र केस तसेच होते, पाठीवर रुळणारे.

"दुखतं?"

"आता न्हाई."

संगितानं मानेवरचे केस हळूच उचलले. ते मुळापाशी कुरळे होते, स्प्रिंगसारखे. तिनं त्यावर आपली दोन बोटं आडवी ठेवली. बोटं संपली तिथं कुरळेपणा संपत होता, आणि पुढं केस थेट टोकापर्यंत सुतासारखा सरळ होता.

म्हणजे पल्लवी खरं बोलत होती. तिनं जागा सोडली होती.

संगितानं पुन्हा वरचे खुंट बघितले. एक पेर. केस तुटले होते ते सोडलेल्या दोन बोटांच्या आत. पल्लवीचं क्रीम जिथं पोचलंच नव्हतं, नेमकं तिथं.

"मिना," तिनं विचारलं, "पार्लरमधून आल्यावर डोक्याला आणखी काय लावलं?"

"काहीच न्हाई," मिना म्हणाली. ती इतकी चटकन म्हणाली, की दारातून चहा घेऊन येणारी दिपा उंबऱ्यातच थबकली.

३

संगितानं चहा घेतला. तो कमालीचा गोड होता आणि तिला त्याची फार गरज होती.

"हळदीच्या रात्री मिना कशावर झोपली होती?" तिनं रूपाबाईला विचारलं. "ती चादर, उशी, जे काही असेल ते दाखवता?"

रूपाबाईनं भावाकडं पाहिलं. नेमसिंगनं खांदे उडवले. कोपऱ्यात हळदीच्या कपड्यांचं बोचकं पडलेलं होतं. लग्न मोडल्यासारखं झालं, तेव्हापासून ते सोडायला कुणाचा हात धजावला नव्हता.

पांढरी चादर पिवळीधमक झाली होती. संगितानं ती खाटेवर पसरली, उशी तिच्या जागी ठेवली, आणि नेमसिंग "अरे!" म्हणून ओरडला.

उशीच्या मधोमध, डोकं टेकतं तिथं, पिवळ्याचं लाल झालं होतं. विटेसारखं लाल. दोन पसरट डाग, आणि मध्ये बारीक पिवळी रेघ.

"रगत हाय का हे?"

"न्हाई, न्हाई," रूपाबाई घाईनं म्हणाली. "हळदीला साबण लागला की लाल होतंच. कोन्या बाई-माणसाला माहीत न्हाई? हातानं कपडे धुनाऱ्या समद्यांला माहीत हाय."

"बरोबर आहे," संगिता म्हणाली. "साबण आम्लारी असतो, म्हणून हळद लाल होते. शाळेच्या पुस्तकात असतं ते. मग हळद लागल्यावर मिनाचं डोकं साबणानं धुतलं होतं का?"

"छ्या! आमच्या घरात हळद लागली की सकाळच्या न्हानापस्तोर नवरीच्या अंगाला पानी लागू देत न्हाईत. साबण तर लांबच—"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. रूपाबाईनं पदर तोंडाला लावला.

"साबण नाही. पाणी नाही," संगिता म्हणाली. "मग लाल कशानं झालं?"

नेमसिंगचा हात नकळत खिशाकडं गेला. खिशात तंबाखूची पिशवी होती आणि चुन्याची डबी. चुन्यानंही हळद लाल होते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "मॅडम, मी मांडवात झोपलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज पार खाली आला होता. "आईच्यान. मी बहिनीच्या पोरीला काहून असं करीन?"

"तुमच्यावर कुणी आळ घेतला, दादा?"

"तुमी बघितलं माझ्याकडं."

"मी थकलेय. मी सगळीकडंच अशी बघतेय."

चुना नव्हता. चुना असता तर उशीवर पांढरी भुकटी राहिली असती. हे काहीतरी मऊ होतं, बोटांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना नीट चोपडलेलं. रागारागानं कुणी असं लावत नाही. रागानं टाकलेलं ओघळतं, मानेवर उतरतं. इथं मान कोरडी होती. ज्यानं लावलं त्यानं जीव लावून लावलं होतं.

दिपा रिकामे कप उचलायला वाकली. घरातल्या सगळ्या बायकांच्या हातांवर लग्नाची मेंदी अजून गडद होती. दिपाच्याही होती. फक्त उजव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांची टोकं पांढुरकी पडली होती आणि तिथली कातडी सोलून निघत होती.

"हाताला काय झालं, ताई?"

"भांडी घासली लग्नाची," दिपा म्हणाली आणि कप घेऊन निघून गेली.

भांडी घासताना दोन्ही हात पाण्यात असतात. डावी मेंदी शाबूत होती.

४

फाट्यावर परत येईपर्यंत ऊन उतरणीला लागलं होतं. संगितानं नेमसिंगला सांगितलं, की पल्लवीला आणि तिच्या डब्याला घेऊन तांड्यावर जा, मी येतेच. मग ती रस्ता ओलांडून बंटीच्या जनरल स्टोअरमध्ये शिरली. या टापूत केसांचं क्रीम विकत मिळण्याचं दुसरं ठिकाण नव्हतं.

बंटीनं तिचं ओळखपत्र बघितलं आणि खुर्चीवरचा गठ्ठा खाली ठेवला. "बसा मॅडम. थंडा मागवू का?"

"केस सरळ करायचं क्रीम आहे?"

"सध्या न्हाई आपल्याकडं."

"मागच्या आठवड्यात होतं?"

बंटीनं मान खाजवली. संगिता खुर्चीवर बसली आणि तिनं चपला सैल केल्या. तिच्या बसण्यावरून ती लवकर उठणार नाही, हे बंटीला कळलं असावं. त्यानं फळीमागून एक ट्यूब काढून समोर ठेवली. वर बाईचं चित्र होतं, सरळ केसांचं. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता.

"खोकं कुठंय याचं? आतलं माहितीपत्रक?"

"खोकी भिजून फाटली होती. मी नुसत्याच ट्यूबा ठेवल्या. माल चांगला हाय मॅडम, एकदम कडक. एका बाईनं नेली की. म्हणली, पार्लरवाली लावती तेच द्या. ते नव्हतं माझ्याकडं. म्हणलं, हे बी तेच. दोन्हीनं केस सरळच होतेत ना?"

"कोण बाई?"

"तोंडाला ओढणी बांधून होती. उन्हात समद्याच बांधतेत. हातावर मेंदी होती एवढं दिसलं." तो क्षणभर थांबला. "खुश होती, मॅडम. नणंदेच्या लग्नाला पाहिजे म्हणली."

संगितानं ट्यूब पिशवीत टाकली. "तुमच्याकडं उरलेल्या सगळ्या बाजूला काढा. विकायच्या नाहीत. मी येऊन पंचनामा करते."

"माझ्यावर केस होईल का?"

"होईल," ती उठत म्हणाली.

तिला आता सगळं माहीत होतं, एक सोडून. असं क्रीम थोड्या मिनिटांत धुवायचं असतं. ते टाळूला झोंबायला लागलं की माणूस धावत पाण्याकडं जातो. मग मिना रात्रभर का सोसत पडली?

५

अंगणात खाट टाकली होती. पल्लवी मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. पद्माबाई न बोलावता आली होती आणि कुणी न सांगता बसली होती. भागवतही आला होता, किल्ल्या घेऊनच.

"थोडी हळद द्या," संगिता रूपाबाईला म्हणाली. "आणि एक स्टीलचं ताट."

तिनं हळद पाण्यात कालवून ताटात दोन ठिकाणी फासली. पल्लवीच्या डब्यातलं क्रीम काडीनं घेऊन एकीवर ठेवलं. बंटीच्या ट्यूबमधलं दुसरीवर. मग ताट खाटेवर ठेवून ती बाजूला झाली.

पल्लवीच्या क्रीमखालची हळद पिवळीच राहिली. दुसरी बघताबघता तांबूस झाली, आणि मग विटेसारखी लाल.

उशी घरात होती, पण ती घरच्या सगळ्यांना डोळ्यांपुढं दिसत होती.

"पल्लवीचं क्रीम आंबट जातीचं आहे," संगिता म्हणाली. "त्यानं हळद लाल होऊच शकत नाही. शिवाय ते मुळाशी लागलेलंच नाही, मिनाच्या मानेवरचे केस बघा, दोन बोटं कुरळी आहेत. केस तुटले ते त्या दोन बोटांतच. म्हणजे नंतर कुणीतरी फक्त तेवढ्या जागेला हे दुसरं क्रीम लावलं. पल्लवीनं नाही म्हटलेलं काम पुरं करायला. हळदीच्या दिवशीच लावलं, कारण लाल डाग हळदीतच पडलाय. वाईट करायला नाही लावलं. फोटोत चांगलं दिसावं म्हणून लावलं. उघड्या बोटांनी, कारण हातमोजे घाला असं सांगणारं माहितीपत्रक नव्हतं. मेंदी कातडीच्या वरच्या पापुद्र्यात बसते. हे क्रीम तो पापुद्राच—"

तिला पुढं बोलावं लागलं नाही. दिपा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं उजवा हात सगळ्यांसमोर धरला.

"मी लावलं," ती म्हणाली.

"तिनं न्हाई!" मिना दारात आली होती. "मीच म्हणलं वहिनीला. पल्लवीताई न्हाई म्हणली, मग मीच मागं लागले, कायबी कर, मुळातून सरळ करून दे. वहिनीला काही बोलायचं न्हाई कुनी."

नेमसिंगनं ताटातल्या लाल हळदीकडं पाहिलं, मग मिनाकडं. "अगं, मग बोलली काहून न्हाईस? मी त्या बाईच्या दुकानात परात घेऊन गेलो की!"

"तुमी पाहुण्यांना सांगून बसले होते, मामा," मिना म्हणाली. "मी काय सांगू? माझीच हौस होती म्हणून?"

"पण धुतलं का नाही?" संगितानं दिपाला विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आग होत असेल ना तिला?"

दिपानं पल्लवीकडं पाहिलं. "ताईनंच सांगितलं होतं की पार्लरमधी. क्रीम लावल्यावर तीन दिवस पानी लावायचं न्हाई. मी तिथंच बसले होते. अन् हळदीचं बी तसंच, पानी चालत न्हाई. म्हणलं, बराबर जुळून आलं. सकाळच्या न्हानाला निघून जाईल."

पल्लवीनं डोळे मिटले. "ते माझं क्रीम, दिपा. ते लावून, वाळवून, इस्त्री करून झालं की मग पानी न्हाई. हे लावून लगेच धुवायचं असतंय. दोन्ही वेगळे हायेत." ती थांबली. "मी नुसतं पानी लावू नका म्हणलं. काहून लावायचं न्हाई, ते सांगितलं न्हाई. गिऱ्हाईक बसलेलं होतं दुसरं."

मांडवातली वाळकी पानं वाऱ्यानं वाजली. मग रूपाबाई बोलली. ती कुणाकडंच बघत नव्हती.

"रातच्याला उठली होती पोरगी. मला म्हणली, याडी, माय, डोकं जळून राहिलं, पानी दे. मी म्हणलं, हळद ओली हाय, थोडी चुनचुन व्हनारच, दम धर. परत उठली. तांब्या तिच्या हातात होता. मी काढून घेतला." तिनं आपल्या हातांकडं पाहिलं, जणू तांब्या अजून तिथंच होता. "मला क्रीमचं काही माहीत नव्हतं, मॅडम. पन पोरगी जळतंय म्हणत होती, ते तर मला ऐकू येत होतं."

मिना आईशेजारी जाऊन बसली. कोडं सुटल्यावर बरं वाटतं असं संगिताला एके काळी वाटायचं. या नोकरीत तिनं सोडवलेल्या बहुतेक कोड्यांच्या तळाशी असंच काहीतरी निघालं होतं. कुणीतरी मायेनं काहीतरी लावलेलं, कुणीतरी मायेनंच काहीतरी अडवलेलं, आणि मधल्या मध्ये कारण सांगायचं राहून गेलेलं.

"उगवतील का?" मिनानं विचारलं.

"मी डॉक्टर नाही. हिंगोलीला त्वचेच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा, उशीर करू नका. पण खुंट जागेवर आहेत, म्हणजे खालची मुळं बहुतेक शाबूत आहेत. तिथून केस येतील. भांगावर खपली खोल गेलीय, तिथं एखादी रेघ विरळ राहू शकते. आणि तोवर घरगुती काहीही चोपडायचं नाही. तेलसुद्धा विचारून."

नेमसिंगनं टोपी काढून हातात घेतली. "मग पाहुण्यांला काय सांगू मी?"

"खरं सांगा. पोरीला रोग नाही. चुकीचं क्रीम रात्रभर डोक्यावर राहिलं. माझ्या कागदावर तेवढंच असेल, आणि पल्लवीच्या क्रीमचा यात संबंध नाही, हेही असेल."

भागवतच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या. "म्हणजे गाळा राहू द्यायचा का?" त्यानं विचारलं.

"कागद तुमी ठेवा मॅडम," पल्लवी मध्येच म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदा खांबापासून हलली होती. "कागद फाट्यावर कोन वाचतो? परात समद्यांनी बघितली."

६

पल्लवीनं माफी मागितली नाही, मागायला लावलीही नाही. तिची एकच अट होती. मिनाचे उरलेले केस बराबर करायचे आहेत, ते ती करणार. तिच्याच दुकानात, तिच्याच खुर्चीवर, आजच, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून.

नेमसिंग काहीतरी म्हणायला गेला. रूपाबाईनं त्याला हातानंच गप्प केलं आणि चप्पल पायात घातली.

ती सगळी रिक्षातून उतरली तेव्हा फाट्यावरची वर्दळ ऐन भरात होती. ट्रकवाले चहा पीत होते. पंक्चरवाला पाना हातात धरून उभा राहिला. रसवंतीवरच्या बायका उठून आल्या. सकाळी ज्यांनी परात बघितली होती, तीच ही माणसं होती, आणि त्यांनी आपापल्या ओळखीच्यांना बोलावून घेतलं होतं.

मिना पायरी चढून आत गेली. मागोमाग दिपा. रूपाबाई पायरीवर अडखळली, तेव्हा पल्लवीनं तिला हात दिला, आणि रूपाबाईनं तो सगळ्यांदेखत धरला. गर्दीत कुजबुज झाली आणि विरली. नेमसिंग बाहेरच थांबला, कुणी काही विचारायच्या आत स्वतःच सांगू लागला, "आमची चूक होती. पार्लरवालीची न्हवती." एकदा म्हणाला, मग समोरच्या टपरीकडं तोंड करून परत एकदा, जरा मोठ्यानं.

संगिता पंक्चरच्या टपरीच्या सावलीत उभी होती. नांदेडहून येणारी गाडी कधीही येईल असं तिला सांगितलं होतं. इथून तिला आरसा दिसत होता. मिना खुर्चीवर बसली. पल्लवीनं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मिनानं ओढणीला हात घातला आणि तो तसाच राहिला. आरशात तिच्या खांद्यामागं अख्खा फाटा उभा होता.

पल्लवीनं आरशात पाहिलं. तिनं कात्री खाली ठेवली, दाराशी आली आणि पडदा सर्रकन ओढला.

"आता काहून लावती?" पद्माबाई बाहेरून ओरडली. "दार उघडं ठेवीन म्हणली होती ना! बघू दे की समद्यांला!"

"ती आत आली ते बघितलं त्यांनी," पडद्याआडून पल्लवीचा आवाज आला. "तेवढं पुरं झालं."

पद्माबाई क्षणभर घुटमळली. मग तिनं आपलं स्टूल उचललं, पडद्याला पाठ लावून ऐन दारात मांडलं आणि त्यावर ऐसपैस बसली. गर्दी हलली नव्हती. तिनं एकेकाकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"काय बघून राहिले?" ती म्हणाली. "दुकान हाय हे. नंबर लावायचा असला तर तिकडं सावलीत बसा, न्हाईतर आपापल्या वाटेला लागा."

आत कात्रीचा आवाज सुरू झाला. रसवंतीवरच्या दोन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि त्या सावलीत जाऊन बसल्या.